सभा एकेरीवर येते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

मी ग्रामसेवक म्हणून 31 वर्षं नोकरी केली. 2024 पासून या पदाला 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणतात, पण आमच्या भागात हाक मारायची ती 'भाऊसाहेब' अशीच. ग्रामसभेत भाऊसाहेबाचं काम ठरलेलं असतं. नोटीस काढायची, दवंडी द्यायला लावायची, सतरंज्या आल्या का बघायचं आणि सरपंचांच्या शेजारी बसून प्रोसिडिंग लिहायचं.

या प्रोसिडिंगमधलं एक वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' समोर खुर्च्या डोक्यावर गेलेल्या असायच्या, कुणाची कॉलर कुणाच्या हातात असायची, आणि वहीत मात्र साधकबाधक चर्चा.

अशाच एका सभेबद्दल सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यात माझीही चूक आहे.

15 ऑगस्टची सभा. झेंडावंदन झालं, मुलांना गोळ्या-बिस्किटं वाटून झाली आणि शाळेच्या व्हरांड्यात लोक बसले. पहिलाच विषय पाण्याचा निघाला. एक सत्तरीतले तात्या उठले आणि म्हणाले, "सरपंच, नळाला पाचव्या दिवशी पाणी येतंय, तेही अर्धा तास. मोटार जळली म्हणून सांगता. वर्षात मोटार जळली तरी किती वेळा, आन दुरुस्तीला गेले किती?"

बघा, प्रश्न किती सरळ होता. त्यात ना शिवी होती ना टोमणा.

सरपंच म्हणाले, "ते सांगतो. आधी तुमची पाणीपट्टी किती थकलीय ते गावाला कळू द्या. भाऊसाहेब, काढा रजिस्टर."

आणि मी रजिस्टर काढलं. दोन वर्षांची थकबाकी रुपयांसकट मोठ्यानं वाचली. लोक हसले. तात्या खाली बसले. मग त्यांचा मुलगा उठला आणि म्हणाला, "ए, माझ्या बापाला काय बोलतोस रे?" झालं, सभा एकेरीवर आली. त्यानंतरचं सांगण्यासारखं नाही.

आपल्या भाषेत हा शब्द किती नेमका आहे! भांडण वाढलं, आवाज चढला असं आपण म्हणतोच, पण खरी हद्द ओलांडली की म्हणतो 'एकेरीवर आले'. 'तुम्ही'चं 'तू' झालं की समोर सरपंचही राहत नाही आणि ग्रामस्थही राहत नाही. राहतात ती दोन घरं, आणि दोन घरांचं भांडण बांधापासून सोयरिकीपर्यंत कशाचंही असू शकतं. पाण्याचा प्रश्न तिथं संपतो. म्हणजे सुटत नाही, नुसता संपतो.

त्या दिवसाची खरी हळहळ पुढं आहे. ज्या कपाटातून मी थकबाकीचं रजिस्टर काढलं, त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात मोटार दुरुस्तीची तीन बिलं होती. तिन्ही खरी. व्होल्टेज कमी, त्यामुळं मोटार तीनदा जळली होती. सरपंचांनी एक पैसा इकडचा तिकडं केला नव्हता. मी रजिस्टराऐवजी ती बिलं वाचली असती तर दोन मिनिटांत विषय मिटला असता. पण सरपंचांना वाटलं, हा विचारणारा कोण? आणि मला वाटलं, सरपंच सांगतात ते ऐकावं. मागच्या निवडणुकीत तात्यांचं घर विरोधी पॅनेलमध्ये होतं, हे त्या व्हरांड्यात सगळ्यांना माहीत होतं.

सभा बिघडली की दोष ओरडणाऱ्याला देतात. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. ओरडणं बहुतेक वेळा दुसऱ्या नंबरला येतं. आधी येतं ते न दिलेलं उत्तर. 'बघू.' 'करून टाकू.' 'वरून आलं नाही.' एकाच माणसाला तीन सभा 'बघू' ऐकवलं की चौथ्या सभेत तो हळू बोलेल ही अपेक्षा कशी धरायची?

साधं उदाहरण घ्या. 15व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे 2021 ते 2026 या काळात केंद्राकडून गावाला आलेल्या पैशांतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिलेले होते. उरलेल्या 40 टक्क्यांतच रस्ता, दिवे, बाकी सगळं बसवायचं. आता खात्यावर आठ लाख दिसतात आणि वस्तीवरचा रस्ता काही होत नाही. बंधित निधी म्हणजे काय हे कुणी सांगितलं नसेल, तर माणूस एकच अर्थ काढणार, पैसे खाल्ले. हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. मी ते सांगितलेल्या सभा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, हेही कबूल करतो.

पण श्रोतेहो, सगळं माप सरपंचांच्या पदरात घालणंही बरोबर नाही. 2024 पर्यंत दोन हजार वस्तीपर्यंतच्या गावाच्या सरपंचाला महिना 3000 रुपये मानधन होतं. आता ते 6000 झालंय. तेवढ्या पैशात पहाटे साडेपाचला दार वाजतं, "सरपंच, डीपी उडालाय." डीपी महावितरणचा. रेशनचा गहू आला नाही, सरपंच. सातबाऱ्यावर नाव चढलं नाही, सरपंच. यातलं एकही काम त्यांच्या हातातलं नाही. आणि उत्तर मनासारखं आलं नाही की दुपारपर्यंत गावाच्या ग्रुपवर मोबाईलवरचा व्हिडिओ, निम्मा कापलेला. जाब विचारायला लोक येतात आणि कागद न बघताच निकाल देऊन जातात, असंही मी खूप पाहिलं.

सभेला येतं कोण, हाही भाग आहे. कोरमला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी लागतात. तेवढी जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नाही. मग त्या सभेला येतात ते ज्यांचं काम अडलंय ते, किंवा ज्यांना भांडायचंय ते. ज्याला नुसतं ऐकायचंय, समजून घ्यायचंय, तो घरी असतो. पुढच्या वर्षी तोच म्हणतो, ग्रामसभेत नुसता गोंधळ असतो.

महिला सरपंचांचं तर वेगळंच. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या. खुर्चीवर बाई, पण प्रश्न दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला. तो उत्तरही देतो. माझ्या नोकरीत अशा एक सरपंच भेटल्या, शिक्षण सातवीपर्यंत. पहिल्याच सभेत एकानं त्यांच्या मालकांकडं बघून गटारीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "मी हितं बसलीय. माझ्याकडं बघून विचारा." तो गृहस्थ गडबडून म्हणाला, "तसं नाही वहिनी..." त्या म्हणाल्या, "वहिनी घरी. हितं सरपंच."

त्यांची एक सवय मला फार आवडायची. कुणी प्रश्न विचारला की आधी तो स्वतःच्या तोंडानं परत म्हणायच्या. "तुमचं म्हणणं असं, की मराठी शाळेमागची गटार तुंबलीय आन डास झालेत. बरोबर?" समोरचा मान हलवायचा. मग माझ्याकडं बघून, "भाऊसाहेब, लिव्हा." बास. आपलं म्हणणं वहीत चढलं हे डोळ्यांनी दिसलं की माणसाचा आवाज आपोआप उतरतो, हे मी त्यांच्या सभांत शिकलो. नोकरीच्या बाविसाव्या वर्षी. पुरुषांच्या सभेत जे निघायचं नाही ते ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत निघायचं, तेही त्या मुख्य सभेत वाचून दाखवायच्या, बाईचं नाव न घेता.

याच्या उलट पद्धतही सरकारी कचेऱ्यांत पाहिली. भिंतीवर पाटी, 'शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम 353 अन्वये कारवाई'. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम 132 झालंय, पाट्या बऱ्याच ठिकाणी जुन्याच आहेत. कर्मचाऱ्यांवर हात उचलले जातात, त्यांना संरक्षण हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण आत पाऊल टाकणाऱ्याला 'या, बसा' म्हणायच्या आधी कलम दाखवायचं, याला काय म्हणावं?

शहरातल्या श्रोत्यांना वाटेल, हे गावाकडचं आहे. माझा मेहुणा पुण्यात राहतो. नगरसेवकाच्या नावानं बोटं मोडण्यात त्याची हयात गेली. मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात एकदा फोनवर म्हणाला, "अरे, शिव्या द्यायलासुद्धा कुणी उरलं नाही. तक्रार ॲपवर टाकतो, ॲप म्हणतं, निराकरण झालं." नगरसेवक निदान चिडायचा तरी, असं त्याचं म्हणणं.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा लेखा तुम्ही ऐकलं असेल. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव. तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात हे सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं अभ्यास मंडळ. विषय आधी तिथं बसून समजून घ्यायचा, निर्णय ग्रामसभेत. आमच्याकडं समजून घेणं, भांडणं आणि निर्णय, तिन्ही एकाच दुपारी उरकायचं असतं, तेही जेवणाच्या आधी.

निवृत्त झाल्यावर मी माझ्या मूळ गावी राहायला आलो. गेल्या 15 ऑगस्टला पहिल्यांदा भाऊसाहेब म्हणून नव्हे, तर ग्रामस्थ म्हणून सतरंजीवर बसलो. सरपंच माझ्या पुतण्याच्या वर्गातला पोरगा, लहानपणी आमच्या अंगणात खेळलेला. वाचनालय आठ महिने बंद का, हे विचारायला उठलो, आणि तोंडात 'अरे बाळा' आलं होतं. गिळलं. म्हटलं, "सरपंच, तुम्हाला एक विचारायचंय."

तो पण जरा सावरून बसला. म्हणाला, "काका, किल्ली कुणाकडं आहे तेच मला माहीत नाही. पुढच्या सभेपर्यंत शोधून सांगतो."

शेजारी बसलेली ग्रामपंचायत अधिकारी, तरुण मुलगी, लिहीत होती. सभा संपल्यावर मी वहीत डोकावलो. 'वाचनालयाबाबत साधकबाधक चर्चा झाली.' मला हसूच आलं. तिला म्हटलं, "मॅडम, मीही 31 वर्षं हेच लिहिलं. तेवढा माझा प्रश्न लिहाल का?" तिनं लगेच खाली ओळ वाढवली. प्रश्न लिहिला, त्याखाली 'उत्तर' असं लिहून दोन ओळी कोऱ्या सोडल्या आणि कंसात तारीख घातली, 2 ऑक्टोबर.

नमस्कार.