दिवा लागत नाय, पण बॅटरी बसते

वडाळ्याचं ट्रक टर्मिनल. जुलैची सकाळ, पाऊस जरा थांबलाय, खड्डे मात्र काठोकाठ. ही गाडी काल रात्री साताऱ्याहून आली, माल उतरला, आणि सकाळी सेल्फ मारला तर नुसतं कट् कट्.

ड्रायव्हर काका वैतागलेत, आणि वैतागणारच ना, तीन महिन्यांत बॅटऱ्यांची जोडी बदलली, डायनामो बदलला (अल्टरनेटरच तो, पण इथे सगळे डायनामोच म्हणतात), तरी आठ दिवस गाडी मस्त आणि नवव्या दिवशी परत धक्का. "अन् लाल दिवा एकदा पण लागला नाय ओ मिस्त्री!"

तीच तर गंमत आहे. डॅशबोर्डवरचा तो चार्जिंगचा दिवा डायनामोवर नजर ठेवतो. डायनामो करंट बनवतोय ना, मग दिवा गप्प. पुढे तो करंट बॅटरीपर्यंत पोचला की वाटेत अडकला, ते त्याला काय ठाऊक.

शेजारच्या गाडीवरून केबल लावून इंजिन चालू केलं. हेल्पर पोरगा टर्मिनल काढून चार्जिंग बघायला निघाला तसा मिस्त्री ओरडलाच. चालू इंजिनवर टर्मिनल काढलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायनामोचे डायोड, रेग्युलेटर जाऊ शकतात, पण ही खोड काही सुटत नाही लोकांची.

आता मीटर. ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकापुढे एक, मिळून 24), म्हणजे चार्जिंग होताना साधारण 28 दिसायला पाहिजे. डायनामोवर 28.2, बॅटऱ्यांवर 28. सगळं ओके! आधीच्या गॅरेजवाल्यांनी इथेच मीटर बंद केला असणार.

मिस्त्री हेडलाइट लावतो, वायपर लावतो, आणि एक लाकडी दांडकं घेऊन खालच्या वायरी एकेक करून हलवत बसतो. पाच मिनिटं काहीच नाही. दहा मिनिटं. मग अचानक बॅटऱ्यांवर 25.4, आणि डायनामोवर अजून 28.2च.

म्हणजे जवळपास तीन व्होल्ट वाटेत गायब. मीटरची एक पिन डायनामोच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे खरं तर पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये, आणि दिसतंय 2.6. अर्थिंग! म्हणजे इंजिन आणि चेसिसमधून करंटची बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची वाट.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे चेसिसशी त्याचं नातं एका तांब्याच्या पट्टीवर टिकलेलं. ती पट्टी वरून बरी दिसते, पण थिंबलपाशी (बोल्टात अडकणारं टोक) वाकवली तर आत हिरवी भुकटी, चारपाच तारा शिल्लक. मुंबईची खारी हवा, त्यात पावसाचं पाणी. खड्ड्यात गाडी आदळली की कॉन्टॅक्ट जातो, पुढच्या खड्ड्यात परत येतो. सकाळचं कट् कट् पण हिचंच, कारण सेल्फचा करंट याच वाटेने जातो.

नवी पट्टी, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत, बोल्ट आवळून वरून ग्रीस. परत सगळे लाइट चालू, परत दांडकं. बॅटऱ्यांवर 28, हलतच नाही.

जाता जाता मिस्त्रीला अजून एक वायर दिसते. टेपसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढलेत. त्याने ती बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी फुगेपर्यंत जेवते, जोडी लवकर मरते. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावा म्हणाला.

"पुढच्या खेपेला," म्हणत काकांनी टेप लावला आणि गाडी गेटबाहेर काढली.