दोन नंबरचा माग

(पडदा काळा. फक्त यंत्रमागाचा आवाज.)

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला हा आवाज ऐकूच येत नाही. बंद पडला की मात्र जाग येते. इथल्याच एका गल्लीत, कारखान्यावरच्या पत्र्याच्या खोलीत, दोन पोरांनी या आवाजावर हिप हॉपचा अख्खा अल्बम बांधला. नऊ गाणी. तुम्ही ती ऐकलेली नाहीत आणि या फिल्ममध्येही मला ती वाजवता येणार नाहीत.

(खोली. भिंतींवर चादरी.)

पत्र्याखाली आवाज घुमायचा. फोम परवडत नव्हता, पण सोलापुरात चादरींचा काय दुष्काळ? डाग पडलेल्या, विणताना चुकलेल्या चादरी खालून आणल्या आणि चारी भिंतींना ठोकल्या. जकार्डची जाड चादर आवाज पिऊन टाकते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या अर्जात हा उपयोग बहुधा लिहिलेला नसावा.

बीट करणाऱ्या पोराने मोबाइल मागाजवळ धरून ठोके मोजले. मिनिटाला १४० च्या आसपास. ट्रॅप या हिप हॉपच्या प्रकारातली पुष्कळशी गाणी याच वेगात असतात. निम्म्याने धरलं तर ७०, म्हणजे शब्दांना ऐसपैस जागा. काम सोपं वाटलं. पण व्होल्टेज हललं की मागाचा वेग हलतो, सुताची कांडी संपली की माग थांबतो. तीन रात्रींचं रेकॉर्डिंग वाया गेलं. शेवटी आडवा धागा नेणारा धोटा पेटीत आपटतो तो एकच ठोका त्यांनी कापून घेतला. दोन नंबरच्या मागाचा. त्या ठोक्याला मागून एक बारीक 'टिक्' चिकटलेली होती, ती बाकीच्या मागांना नव्हती. नऊही गाण्यांत तोच ठोका आहे.

शब्द लिहिणारा विजापूर वेशीकडचा. घरी दखनी, शाळेत मराठी, बीटवाल्या मित्राच्या घरी तेलुगू, बाजारात कन्नड. 'काय करायलास बे' अशी सुरू झालेली त्याची ओळ कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नाही. मला विचाराल तर अल्बमचा जीव तिथेच आहे. शेवटचं गाणं चार हुतात्म्यांचं. १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. गाण्याचं ध्रुपद म्हणजे ही चार नावं, बाकी एक शब्द नाही. ओळीने म्हणून बघा, ठेका आपोआप लागतो.

(हुतात्मा एक्सप्रेसची खिडकी. पहाट.)

२०१९ मध्ये मुंबईच्या रॅपवरचा हिंदी सिनेमा चालला आणि कंपन्यांना गल्लीबोळातली पोरं दिसायला लागली. एका कंपनीने या दोघांना पुण्याला बोलावलं. बावीस पानांचा इंग्रजी करार. वाचायला वीस मिनिटं, सही करायला दोन. ॲडव्हान्स मिळाला. ॲडव्हान्स म्हणजे आपली उचल. फिटेपर्यंत पुढचा पैसा नाही. मागवाल्याच्या पोराला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

अल्बम १२ जानेवारीला काढायचा ठरला. त्याआधीच, ज्याने त्यांना निवडलं होतं तो साहेब नोकरी सोडून गेला. नवा आला, त्याने ऐकलं आणि म्हणाला, भाषा एक करा. हिंदी, नाहीतर पुस्तकी मराठी. पोरं नाही म्हणाली. कंपनी मात्र कधीच नाही म्हणाली नाही. 'पुढच्या तिमाहीत बघू' एवढंच. मग फोन उचलणं बंद. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आली, गेली, पुन्हा आली.

आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यात, कलम १९ मध्ये एक चांगली सोय आहे: हक्क विकत घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत, तर ते सुटतात. पण पुढे लिहिलंय, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. सातव्या पानावर वेगळं ठरलेलं होतं. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत समान वाटाही दिलाय. न निघालेल्या गाण्याची रॉयल्टी शून्य, तिचा समान वाटाही शून्यच.

हे अमेरिकेतही झालंय. केएमडी या हिप हॉप गटाचा तयार अल्बम इलेक्ट्रा कंपनीने १९९४ मध्ये मुखपृष्ठावरून अडवला. गटातल्या दोन भावांपैकी एक १९९३ मध्ये गाडीखाली गेला होता. दुसरा काही वर्षांनी मुखवटा घालून परतला, एमएफ डूम या नावाने. आमच्या पोरांना हे तोंडपाठ आहे. मुखवट्याचं मी विचारलं तर बीटवाला म्हणाला, "सोलापूरच्या उन्हात? बे, जीव जाईल."

(कारखाना. वडील मागाशी उभे.)

मास्टरची, म्हणजे पक्क्या रेकॉर्डिंगची, एक प्रत पेनड्राइव्हवर होती. एका रात्री बीटवाल्याने ती वडिलांना ऐकवली. ते तीन गाणी काही बोलले नाहीत. चौथ्याला म्हणाले, "दोन नंबरचा माग हाय हे. पिकर झिजलंय. ऐकू येईना का बे तुला?"

पिकर म्हणजे धोट्याला धक्का देणारा तुकडा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो बदलला. आता तो माग बाकीच्यांसारखाच वाजतो. ती 'टिक्' कंपनीकडे आहे.