बिल फुगते ते मापात

मंडळी, घर बांधायला काढले की आपण दरावर घासाघीस करतो. पण जादा बिल दरातून क्वचितच येते, ते मापातून येते. आणि माप घेतले कोणी, असे गोव्यात डिचोलीत, फोंड्यात, पेडण्यात कुठेही विचारा, उत्तर एकच मिळते: कंत्राटदारानेच. मुलगा बोटीवर किंवा आखातात, घरी वयस्क आईवडील. बिल व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, पैसे तिकडून येतात.

पायाचेच घ्या. चर खणला, चिऱ्यांचे बांधकाम झाले, वर मातीची भर पडली. तो चर दोन फूट खोल होता की तीन, हे आता सांगणार कोण? माती पडण्याआधी टेप लावा, फोटो काढा.

सळईचे मला जास्त लागते, कारण तिथे पैशाबरोबर घराची ताकदही जाते. हिशेब सोपा आहे. सळईच्या व्यासाचे मिलिमीटर घ्या, त्यांचा वर्ग करा, 162 ने भागा. एका मीटरचे वजन किलोत मिळते. 12 ची सळई 0.89 किलो, 10 ची 0.62. बिलात 12 लावली आणि स्लॅबमध्ये 10 टाकली, तर प्रत्यक्ष पडलेल्या लोखंडापेक्षा 44 टक्के जास्त वजनाचे पैसे तुम्ही मोजता. काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी साइटवर जा आणि सळया मोजा.

गिलाव्यात मात्र घाईने कोणाला चोर ठरवू नका. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर अर्धा ते तीन चौरस मीटरची खिडकी बांधकामाच्या मोजमापाच्या भारतीय मानक 1200 प्रमाणे एकाच बाजूने वजा होते, कारण कडांचा गिलावाही कंत्राटदाराला करावा लागतो.

सगळ्यांत जास्त नुकसान होते ते आगाऊ बिलात. खोदाई, प्लिंथ म्हणजे जोते, स्लॅब यांचे दर चढे आणि शेवटच्या कामांचे पडेल लावले, की एकूण रक्कम रास्त दिसते. स्लॅब पडेपर्यंत झालेल्या कामापेक्षा जास्त पैसा कंत्राटदाराच्या हाती गेलेला असतो. मग पावसाळ्याच्या तोंडावर मेस्त्री दुसऱ्या साइटवर दिसतो. कित्येकदा यात लोभही नसतो. मागच्या साइटची उधारी तुमच्या पैशातून भागवलेली असते. भोगायचे मात्र तुम्हालाच.

फ्लॅट घेणाऱ्याला 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचा आधार आहे. नोंदणीकृत प्रकल्पात ग्राहकांचे 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात राहतात आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांनी दाखला दिल्यावरच काम पुढे सरकेल तसे काढता येतात. स्वतःच्या जागेत घर बांधणाऱ्याला हे कवच नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात मेजरमेंट बुक, म्हणजे मापे नोंदवायची वही असते. तुम्हीही तशी एक वही ठेवा. माप दोघांनी मिळून घ्यायचे, तिथेच लिहायचे, दोघांनी सही करायची. आणि प्रत्येक बिलातले थोडे पैसे एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवायचे, हे करारातच लिहून घ्या.