पावसावर तरंगणारी जहाजं

[पहाट. पनामा कालवा. मिराफ्लोरेसचा जुना जलपाश.]

ही एवढीशी होडी पाहा. आत दोन माणसं, हातात वल्ही. समोरून इमारतीएवढं जहाज सरकत येतंय. काठ आणि जहाज यांच्यातला पहिला दोर आजही असाच, वल्हवत पोचवतात. दोरामागून पोलादी तार जाते आणि रुळांवरची इंजिनं ती ताणून जहाजाला मधोमध धरतात. या इंजिनांचं इथलं नाव 'खेचरं'.

आता जलपाशाच्या, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणाऱ्या कप्प्याच्या, भिंतीकडे बघा. कप्प्याची रुंदी ३३.५ मीटर, जहाजाची ३२.३. दोन्ही बाजूंना जेमतेम हात-दीड हात फट. १५ ऑगस्ट १९१४ रोजी पनामा कालवा सुरू झाला आणि पुढे शंभर वर्षं जगातली कितीतरी जहाजं याच मापात बांधली गेली. त्याहून मोठ्या जहाजांना इथे वाट नव्हती.

[जहाज वर चढतंय.]

इथे एकही पंप नाही. चाग्रेस नदी अडवून केलेलं गातून सरोवर समुद्रापेक्षा २६ मीटर उंचावर आहे. तिथलं पाणी उताराने कप्प्यात भरतं, जहाज उचललं जातं. पलीकडे पायरी-पायरीने उतरतं. एक जहाज या महासागरातून त्या महासागरात जाईपर्यंत सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्राला मिळतं. हे सगळं पावसाचं पाणी. पनामा सिटी आणि कोलोन ही शहरंही याच पाणलोटाचं पाणी पितात. कालवा रुंद करायचा म्हणजे नुसती खोदाई नव्हती. खरा प्रश्न पाण्याचा होता.

[जुनी छायाचित्रं. कुलेब्राची खिंड.]

हा डोंगर फोडायला बार्बेडोस, जमैकाहून मजूर आले. त्यांतले हजारो साथींत आणि दरडींखाली गेले. १९३९मध्ये अमेरिकेने मोठ्या जलपाशांसाठी खोदकाम काढलं, युद्धामुळे १९४२मध्ये सोडून दिलं. खड्डे तसेच राहिले. ३१ डिसेंबर १९९९ला कालवा पनामाच्या ताब्यात आला. २२ ऑक्टोबर २००६ला लोकांनी मतदान करून रुंदीकरणाला होकार दिला, आणि ३ सप्टेंबर २००७ला पहिला सुरुंग उडाला. त्या अर्धवट खड्ड्यांचाही नव्या कामात उपयोग झाला.

[आग्वा क्लाराचा नवा जलपाश, आकाशातून.]

कप्प्याच्या शेजारी हे तीन उथळ हौद दिसतायत ना, पायऱ्यांसारखे, एकापेक्षा एक खाली? या सगळ्या प्रकल्पातली मला सर्वांत देखणी वाटलेली गोष्ट हीच. कप्पा रिकामा करताना वरचं पाणी वरच्या हौदात जातं, मधलं मधल्यात, त्याखालचं खालच्यात. पुढच्या वेळी तेच पाणी परत कप्प्यात येतं. तेही पंपाशिवाय, पातळीतल्या फरकावर. प्रत्येक खेपेला ६० टक्के पाणी असं पुन्हा वापरात येतं. नवा कप्पा ४२७ मीटर लांब, ५५ मीटर रुंद; जुन्यापेक्षा कितीतरी मोठा. तरी पाणी जुन्यापेक्षा ७ टक्के कमी लागतं! असे हौद दोन्ही टोकांना मिळून १८ आहेत.

[दरवाजा सरकतोय.]

जुने दरवाजे वाड्याच्या दोन फळ्यांसारखे उघडतात. हे आडवे सरकून भिंतीत शिरतात. असे १६ दरवाजे इटलीत घडवून जहाजांवरून आणले. सर्वांत जड दरवाजा ४,००० टनांहून अधिक वजनाचा. इथे खेचरं नाहीत. एक टगबोट पुढे, एक मागे, आणि मध्ये जहाज.

२६ जून २०१६ला कॉस्को शिपिंग पनामा हे पहिलं जहाज इथून पार झालं. खर्च ५२५ कोटी डॉलर.

[सरोवराचा उघडा पडलेला काठ.]

२०२३मध्ये पाऊस कमी झाला आणि रोजची जहाजं कमी करावी लागली. आता रिओ इंदिओ नदीवर नवं धरण बांधायचं ठरतंय; तिथली गावं उठणार म्हणून गावकऱ्यांचा विरोध आहे.

[गातून सरोवर. पाऊस.]

पाण्यातून वर आलेले हे काळे बुंधे शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या जंगलाचे. सर आलीय. लांबवर सहा-सात जहाजं नांगर टाकून आपल्या पाळीची वाट बघतायत.