मनी नावाचं गाव

(दृश्य: सरळसोट डांबरी रस्ता. एका बाजूला रेल्वेचे रूळ, मागे कापसाची शेतं. गाडी हळू होते.)

गावाचं नाव मनी. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं हे कापसाच्या पट्ट्यातलं गाव. गाव म्हणायचं ते सवयीने, कारण चार घरं संपली की पुन्हा शेतं सुरू होतात. हर्नांडो मनी नावाचे इथले एक सिनेटर होते, त्यांच्या आडनावावरून हे नाव पडलं. पैशाशी त्याचा संबंध नाही. आपण मात्र इथे आलोय ते पैशाचीच गोष्ट सांगायला.

रस्त्याच्या कडेला दोन इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. खरं तर उभी एकच आहे. तो जुन्या पद्धतीचा पेट्रोल पंप, नाव बेन रॉय'ज. भिंती रंगवलेल्या, पुढचं छप्पर शाबूत, कुठे ढलपा निघालेला नाही. त्याच्या बाजूला विटांच्या भिंतींचा एक सांगाडा आहे. वर छप्पर नाही, आत झाडोरा माजलाय, आणि वेली अशा चढल्यात की भिंतीने वेल धरलीय की वेलीने भिंत, ते सांगता येत नाही.

हा सांगाडा म्हणजे ब्रायंट यांचं किराणा दुकान.

(दृश्य: जुना कृष्णधवल फोटो. टोपी घातलेला, हसरा मुलगा.)

ऑगस्ट १९५५. शिकागोहून एमेट टिल नावाचा चौदा वर्षांचा काळा मुलगा सुट्टीत आईच्या मावशीच्या यजमानांकडे, मोझेस राइट यांच्याकडे आला होता. २४ ऑगस्टला तो भावंडांबरोबर या दुकानात गेला. काउंटरवर दुकानदाराची गोरी बायको होती. मुलाने शीळ घातली असं म्हणतात. आत नेमकं काय घडलं यावर पुढे साठ वर्षं वाद चालला. चार दिवसांनी मध्यरात्री दुकानदार रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी मुलाला राइट यांच्या घरातून उचलून नेलं. ३१ ऑगस्टला टॅलाहाची नदीत त्याचा मृतदेह सापडला. गळ्यात काटेरी तारेने बांधलेला लोखंडी पंखा होता, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनमधला. जिनिंगचा भोंगा ऐकत वाढलेल्या माणसाला तो पंखा केवढा असतो हे वेगळं सांगायला नको.

सप्टेंबरात पाच दिवस खटला चालला. मोझेस राइट भर कोर्टात उभे राहिले आणि आरोपींकडे बोट दाखवलं. त्या काळात त्या भागात काळ्या माणसाने गोऱ्यावर असं बोट रोखणं म्हणजे स्वतःच्या जिवावर उदार होणं. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने ६७ मिनिटांत दोघांना निर्दोष सोडलं. पुढे जानेवारी १९५६ मध्ये याच दोघांनी 'लुक' मासिकाला खून कसा केला ते सांगितलं. एकदा सुटल्यावर पुन्हा खटला चालवता येत नाही, त्यामुळे भीती नव्हतीच. वर मासिकाने त्यांना पैसे मोजले.

म्हणजे या प्रकरणावर पैसा पहिल्यांदा कुणाच्या खिशात गेला, हे लक्षात असू द्या.

(दृश्य: पुन्हा मनी. कॅमेरा सांगाड्यावरून पंपाकडे सरकतो.)

दुकान फार दिवस चाललं नाही. गिऱ्हाईक सगळं काळ्या शेतमजुरांचं होतं, त्यांनी पाठ फिरवली आणि काही आठवड्यांत कुलूप लागलं. मग मालक बदलले. २००५ च्या कतरिना वादळाने उरलंसुरलं खिळखिळं केलं.

२०११ मध्ये मिसिसिपी राज्याने काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्यातल्या ऐतिहासिक जागांसाठी अनुदान दिलं. त्यातले दोन लाख डॉलरहून जास्त मनी गावात आले. आले ते पंपाला. दुकान आणि पंप, दोन्ही एकाच खासगी मालकीचे. अर्ज झाला तो पंपाचा, मंजूरही झाला. आता पेट्रोल पंपाचा आणि नागरी हक्कांचा संबंध काय? अर्जातला युक्तिवाद असा होता की, शेजारच्या दुकानात जे घडलं त्याची चर्चा या पंपाच्या छपराखाली झाली असण्याची दाट शक्यता आहे.

एवढ्यावर तो पंप पुन्हा पन्नासच्या दशकातल्यासारखा नवा झाला. कागद नियमात बसत होता. दुकानाचा कागद कुणी केलाच नाही, त्यामुळे तो बसण्याचा प्रश्नच आला नाही.

अशा निधीची मेख नेमकी इथे आहे. अनुदान इतिहासाला मिळत नाही, अर्जदाराला मिळतं. मालकाची सही लागते, सांभाळायला संस्था लागते, निदान डागडुजी करता येईल एवढी तरी भिंत शिल्लक लागते.

(दृश्य: समुद्रातला तेल काढण्याचा फलाट.)

राज्याचा निधी वेगळा, केंद्राचा वेगळा. केंद्राच्या पैशाचा उगम मजेशीर आहे. अमेरिकेच्या समुद्रात तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्या सरकारला जे स्वामित्वधन देतात, त्यातला काही भाग १९७६ च्या कायद्याने जुन्या वास्तूंच्या जतनासाठी राखून ठेवलाय. २०१६ मध्ये तिथल्या संसदेने या निधीतून आफ्रिकन-अमेरिकन नागरी हक्क चळवळीच्या जागांसाठी वेगळी योजना काढली आणि ती राष्ट्रीय उद्यान विभागाकडे सोपवली. जानेवारी २०१७ मध्ये पहिल्या फेरीत ३९ कामांना पैसे मिळाले.

पदरचे पैसे घालायची अट या योजनेत नाही, ही मोठी सोय. पण दुरुस्तीचं अनुदान घेतलं की इमारतीवर कायदेशीर बंधन येतं, सातबाऱ्यावर बोजा चढावा तसं. ठरलेल्या मुदतीपर्यंत परवानगीशिवाय खिडकीची चौकटही बदलता येत नाही. लाकडी खिडकी कुजली तर ॲल्युमिनियमची बसवून मोकळं होता येत नाही, आधी जुनीच दुरुस्त होते का ते पाहावं लागतं. शिवाय पैसा बहुतेक वेळा काम होईल तसा, बिलं दाखवून मिळतो. ज्या चर्चमध्ये रविवारी चाळीस-पन्नास म्हातारी माणसं जमतात, त्यांनी ठेकेदाराला आधी द्यायचं कुठून?

अलाबामा राज्यातल्या सेल्मा शहरातलं ब्राउन चॅपल हे चर्च बघा. ७ मार्च १९६५ ला मताच्या हक्कासाठी सुमारे सहाशे माणसं इथूनच निघाली आणि एडमंड पेटस पुलावर पोलिसांच्या लाठ्यांना, अश्रुधुराला सामोरी गेली. पाच महिन्यांत मतदान हक्काचा कायदा झाला. पुढे त्या चर्चच्या मनोऱ्यांना वाळवी लागली. पोलिसांना जे जमलं नाही ते वाळवीने केलं, चर्चचे दरवाजे बंद ठेवायची वेळ आणली. या योजनेतून दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळाली, तरी २०२२ मध्ये देशातल्या सर्वांत धोक्यातल्या अकरा वास्तूंच्या यादीत त्याचं नाव होतंच.

(दृश्य: समनर गावचा चौक. घड्याळाचा मनोरा असलेलं विटांचं कोर्ट.)

मनीपासून तासाभराच्या आत समनर आहे. टिल खटला इथेच चालला. त्या वेळी गावाच्या वेशीवर पाटी होती: मुलगा वाढवायला उत्तम गाव.

पन्नास वर्षं इथे या विषयावर कुणी मोठ्याने बोलत नसे. २००६ मध्ये काळ्या आणि गोऱ्या गावकऱ्यांची मिळून एक समिती झाली, आणि २ ऑक्टोबर २००७ ला कोर्टासमोर टिल कुटुंबाची जाहीर माफी मागितली गेली. कोर्टाची इमारतही तेव्हा मोडकळीला आली होती आणि काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, तिजोरी रिकामी होती. माफी आणि डागडुजी बरोबरच पुढे सरकल्या. त्यात स्वार्थ होता का? असेलही. पण आज त्या कोर्टात गेलं की खुर्च्यांपासून ज्युरीच्या जागेपर्यंत सगळं १९५५ मध्ये होतं तसं उभं केलंय. मोझेस राइट कुठून बोलले आणि बारा जण कुठे बसले होते, हे अंतर पावलांनी मोजता येतं. पुस्तकातून ते कळत नाही. माझ्या मते सगळ्या खर्चाचं समर्थन एवढ्या चार-सहा पावलांत आहे.

(दृश्य: नदीकाठ. जांभळी, जाड पाटी.)

नदीच्या काठी, ग्रेबॉल लँडिंगला, २००८ मध्ये एमेटच्या आठवणीची पाटी लावली. ती कुणीतरी उपटून नेली. दुसरी लावली, तिच्यावर गोळ्या झाडल्या, एकूण ३१७ भोकं. तिसरी २०१८ मध्ये लावली, ती ३५ दिवसांत चाळण झाली. २०१९ मध्ये चौथी आली ती पोलादी, गोळी न शिरणारी, सव्वादोनशे किलोंहून जड. आणि ती ३१७ भोकांची पाटी? ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेऊन मांडली. तीही आता जतन करायची वस्तू झाली.

२५ जुलै २०२३ ला, एमेटच्या जन्मदिवशी, राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं. त्यात तीन जागा आहेत: हा नदीकाठ, समनरचं कोर्ट, आणि शिकागोतलं रॉबर्ट्स टेंपल चर्च. त्या चर्चमध्ये आई मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवायला लावली होती, माझ्या पोराचं काय केलंय ते जगाला बघू दे म्हणून. मनीचं दुकान या यादीत नाही.

दोन वर्षांनी, २०२५ मध्ये, अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात हा तेलाच्या पैशावर चालणारा जतन निधी जवळपास गुंडाळण्याचीच भाषा आली. सेल्मातली वाळवी काही अर्थसंकल्पाची वाट बघत थांबणार नाही.

(दृश्य: मनी. दुपार. गाडीतून चार माणसं उतरतात.)

दुकानासमोर राज्याने २०११ मध्ये एक फलक लावलाय. २०१७ मध्ये त्यावरचा मजकूर कुणीतरी खरवडून काढला होता, तो पुन्हा बसवला. बाहेरगावहून येणारे लोक तो फलक वाचतात, सांगाड्याचा फोटो काढतात. मग ऊन लागायला लागतं. आसपास सावली एकाच ठिकाणी आहे. लोक पंपाच्या छपराखाली जाऊन उभे राहतात, पाण्याची बाटली काढतात, आणि पलीकडच्या दुकानात त्या दिवशी काय झालं असेल यावर बोलायला लागतात. अर्जात तसंच लिहिलं होतं.