कापा, पण कापलेलं जपून ठेवा

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'युद्धकाळातल्या खासगी रोजनिशीचं संपादन'. विषय मीच दिलाय, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे वक्त्याला घड्याळ दाखवायची फार हौस. संपादकानं डायरीतला मजकूर खुशाल कापावा. पण कुठं कापलं ते वाचकाला सांगावं, आणि मूळ वही हातची जाऊ देऊ नये.

उदाहरण शोधायला आपल्याला सदाशिव पेठेच्या बाहेर जायला नको. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' तुमच्यापैकी निम्म्यांनी वाचलाय, उरलेल्यांनी वाचल्याचं सांगितलंय. वरसईचे भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते आत होते. ही रोजनिशी नव्हे, मागाहून आठवून लिहिलेलं आहे, हे मला माहीत आहे. मागच्या रांगेतले हात खाली घ्या. चिंतामणराव वैद्यांनी ते भटजींकडून लिहवून घेतलं आणि भटजी गेल्यावर 1907 मध्ये छापलं. छापताना भाषा बदलली, मजकूर गाळला. वैद्यांना त्याबद्दल आपण नावं ठेवतो. पण त्यांनी एक काम असं केलं की बाकी सगळं माफ. हस्तलिखित त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाला दिलं. म्हणून तर दत्तो वामन पोतदारांना 1966 मध्ये मूळ मजकूर छापता आला.

आता माझं दुखणं. ओळखीतल्या एका गृहस्थांचे वडील दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या रसद खात्यात कारकून होते. 1944 ला इटलीत. चामडी पाठीची वही, पेन्सिलीचं बारीक अक्षर, काही पानांवर चहाचे डाग. मी ती या हातांनी उलटलीय. एक नोंद अशी: 'पुन्हा आटा भिजला. वरच्या पोत्यांचा गोळा झाला, खालची सात चांगली. एक खेचर दरीत गेलं, त्याच्याबरोबर गूळ गेला.' डोंगरात मोटारी चढत नव्हत्या, शिधा खेचरांवरून जायचा, हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत असतं. इथं गुळासकट होतं.

आणि त्यात सायकल होती. घरून पत्र आलं, की पैशांची ओढ होती म्हणून तुमची सायकल विकली. पुण्याचा माणूस, 1944 साल, आणि न विचारता सायकल विकलेली! तोफा चालू आहेत आणि हा गडी पानंच्या पानं बायकोवर चिडलाय. शेवटी स्वतःच हिशेब मांडतो, की मी धाडलेल्या पैशांत तिचं भागणार कसं, धान्य तर रेशनवर. मंडळी, युद्धानं घरात काय केलं हे मला त्या पानांइतकं कुठं दिसलं नाही.

चिरंजीव म्हणाले, सायकल काढा, आईची बदनामी होते. रमचा उल्लेख काढा, नातवंडं वाचतील. (नातवंडांचं वय तेव्हा पस्तिशीच्या पुढं.) प्रकाशक म्हणाले, यात लढाई कुठाय? सेनिओ नदीवर 9 एप्रिल 1945 ला मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी पराक्रम केला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्या दिवशी यांनी काय लिहिलंय? वहीत त्या तारखेला होतं: 'रात्रभर आवाज. झोप नाही. चहाची पूड संपली.' प्रकाशकांचा चेहरा पडला. मग पुस्तक निघालं ते असं, की सायकल गेली, रम गेली, चहाची पूड गेली, आणि कुठल्याशा ग्रंथातनं उचललेली लढाई 'मी पाहिली' म्हणून आत आली. प्रकाशन समारंभ झोकात झाला. मी नंतर मूळ वही मागितली. म्हणाले, वाडा बिल्डरला दिला ना, त्या आवराआवरीत रद्दीत गेली. पुस्तक आहे की आता!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर पत्रिकेवरचा विषय. अ‍ॅन फ्रँक, हॉलंडमध्ये नाझींपासून लपून राहिलेली ज्यू मुलगी. मार्च 1944 मध्ये लंडनहून डच रेडिओवर एका मंत्र्यांनी आवाहन केलं, डायऱ्या-पत्रं जपा, युद्धानंतर लागतील. ते ऐकून तिनं स्वतःच आपली डायरी सुट्या कागदांवर नव्यानं लिहायला घेतली. म्हणजे पहिली संपादक तीच. ती पकडली गेल्यावर कागद, लपलेल्यांना मदत करणाऱ्या मीप गीस यांनी टेबलाच्या खणात जपले. वडिलांनी दोन्ही मसुदे जुळवून, आईविषयीचं कडू काही गाळून, 1947 मध्ये पुस्तक काढलं. पण कागद राहिले, म्हणून 1986 मध्ये सगळे मसुदे शेजारी-शेजारी छापता आले.

दुसरं, ब्रिटिश सेनापती अ‍ॅलनब्रुक. डायरी लिहायला बंदी, तरी बायकोसाठी लिहिली. 1957 आणि 1959 ला छापली तेव्हा चर्चिल हयात, म्हणून त्यांच्यावरच्या टीकेची धार बोथट केलेली. पूर्ण मजकूर 2001 ला आला. थांबायला हरकत नाही, वही राहिली पाहिजे.

आता कामाचं, भराभर. आधी प्रत्येक पानाचा फोटो, कोऱ्या पानांचासुद्धा. लेखकाचं शुद्धलेखन सुधारू नका. गाळलंत तिथं चौकोनी कंसात तीन टिंबं द्या. माणसं जिवंत असतील तर नावं बदला, पण प्रस्तावनेत तसं लिहा. वही तुमच्या कपाटात आहे म्हणून छापायचा हक्क तुमचा होत नाही; मृत्युपत्रात वेगळं काही नसेल तर तो वारसांचा, आणि लेखकाच्या मागं पहिल्यांदा छापलं तर आपल्या कायद्यानं छापल्यापासून 60 वर्षं चालतो. भावाभावांत भांडण असेल तर ते आधी मिटवा. आणि वही कुठल्यातरी संग्रहाला देऊन पोचपावती घ्या.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न असतील त्यांनी खाली चहाला गाठा. माळ्यावर वही असलेल्यांनी आधी.