मनगट का लोंबतं?

श्रोतेहो, नमस्कार.

प्रौढ माणसाच्या अंगात हाडं असतात २०६. प्रत्येकाचे खाचखळगे, चिकटलेले स्नायू, शेजारून जाणाऱ्या नसा हे सगळं नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा डॉक्टरकीची मुलं रात्ररात्र जागून घोकतात आणि परीक्षा संपली की विसरतात. मीही विसरले होते. म्हणून आज बोलायचंय ते गटानं शिकण्याच्या पद्धतीबद्दल, म्हणजे टीम-बेस्ड लर्निंगबद्दल.

गंमत अशी की ही पद्धत मुळात वैद्यकातली नव्हेच. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन व्यवस्थापन शिकवायचे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस वर्गातली गर्दी वाढली, तेव्हा त्यांनी ही पद्धत बसवली.

धडा घरून वाचून यायचं. आल्याआल्या छोटी चाचणी, ज्याची त्यानं एकट्यानं द्यायची. मग तेच प्रश्न पाच ते सात जणांच्या कायमच्या गटानं मिळून सोडवायचे. हातात स्क्रॅच कार्ड. खरवडल्यावर चांदणी दिसली तर बरोबर. कोरं निघालं तर गुण घटले, आणि पुन्हा वाद सुरू.

त्या वादासाठीच तर हा सगळा खटाटोप! एकदा मी विचारलं होतं: दंडाचं हाड मोडलंय, मनगट लोंबतंय, पण कोपर सरळ होतं. हाड कुठे मोडलं असेल? एकजण लगेच म्हणाला, "रेडियल नर्व्ह गेली, म्हणजे मधोमध." (रेडियल नर्व्ह म्हणजे मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवणारी नस.) दुसरी अडून बसली, "कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला, ट्रायसेप्सलाही तीच नस जाते की! मग कोपर सरळ कसं होतंय?" सगळे गप्प. उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलेलं. आम्हा मास्तर मंडळींना तोंड मिटून बसणं फार जड जातं, हो! एरवी न बोलणाऱ्या एका मुलीनं हाड उचललं, त्याच्या मागच्या तिरप्या खोबणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "नस इथून जाते, पण ट्रायसेप्सचे बहुतेक फाटे त्याआधीच, वर फुटतात." 'मधोमध' खरवडलं. चांदणी!

न वाचता येणारे महाभाग असतातच. एकट्याच्या चाचणीचेही गुण धरतात, त्यामुळे त्यांचं फार दिवस निभत नाही. आणि विच्छेदनाच्या टेबलापाशी उभं राहण्याची जागा मात्र ही पद्धत घेऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

चाचणीनंतर गटाला लेखी हरकतही घेता येते. त्या दिवशी एका गटानं घेतली. त्यांनी 'कोपराच्या जरा वर' हा पर्याय खरवडला होता आणि तो कोरा निघाला होता. पुस्तक उघडून ते माझ्यासमोर उभे: "मॅडम, हाडाच्या खालच्या तिसऱ्या भागात मोडलं तरी हीच नस दुखावते. मग आमचं चूक कसं?"

प्रश्न मीच काढला होता. गुण द्यावे लागले.